पिकप, विद्युत् गिटारचा

विद्युत् गिटारच्या पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या चुंबकीय प्रयुक्तीस पिकप किंवा स्वरग्राहक म्हणतात. साध्या गिटारचा स्वर तिच्या पोकळ लाकडी अंगामुळे मोठा होतो. विद्युत् गिटारचे अंग बहुधा भरीव असते. त्यामुळे तिचा स्वर पिकप, विवर्धक म्हणजे अँप्लिफायर आणि ध्वनिक्षेपक यांच्या साखळीतून सिद्ध होतो. या साखळीची पहिली कडी पिकप ही होय. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या ‘हेवी मेटल’ अथवा नुसत्या ‘मेटल’ या संगीतप्रकारात विवर्धक हेतुतः त्याच्या मर्यादेपलीकडे चालवून स्वर विकृत केला जातो. त्यामुळे पिकपचा प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष अनेक पटींनी वाढून श्रोत्यापर्यंत पोहोचतो. म्हणून या संगीतात पिकपच्या निवडीस विशेष महत्त्व आहे. ही निवड प्रथम आवाजाच्या जोरासाठी, नंतर शांततेसाठी व अखेरीस स्पष्टतेसाठी होत गेली, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

तत्त्व व रचना : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व पिकपच्या मुळाशी आहे. चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. गिटारची तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो आणि त्यात तारेच्याच कंप्रतेचा प्रत्यावर्ती विद्युत् दाब निर्माण होतो. हा दाब अल्प असतो. तो विवर्धकाकडे नेऊन वाढवावा लागतो. ज्या तारेवर चुंबकाचा प्रभाव पडत नाही, ती या पिकपला ‘ऐकू’ येत नाही. म्हणूनच नायलॉनच्या तारांच्या गिटारला तो उपयोगी पडत नाही.

वेढ्यांची संख्या वाढविली की संकेत जोरकस होतो. परंतु त्याबरोबर वेटोळ्याचे प्रवर्तकत्व व धारिताही वाढतात आणि उच्च कंप्रतेचे उपस्वर दबले जातात. जोर आणि लख्खपणा यांतील ही ओढाताण पिकपच्या सर्व इतिहासात दिसून येते. चुंबकाच्या प्रकारानेही स्वर बदलतो. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या लोखंडी मिश्रधातूचे ‘अल्निको’ चुंबक आणि बेरियम किंवा स्ट्राँशियम फेराइटचे मृत्तिकासदृश म्हणजे सिरॅमिक चुंबक असे दोन प्रकार सर्वांत प्रचलित आहेत. सर्वसाधारणपणे अल्निकोचा स्वर काहीसा मऊ व सिरॅमिकचा कडक, नेमका असा मानला जातो. तथापि हा फरक केवळ चुंबकाचा नसून वेढे, तारेची जाडी व मांडणी या सर्वांचा एकत्रित परिणाम असतो.

प्रारंभीचा इतिहास : जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी कॅलिफोर्नियात तयार केलेली, तव्यासारख्या आकाराची विद्युत् हवाईयन गिटार १९३२ मध्ये विक्रीस आली. तिच्या पिकपमध्ये तारांभोवती नालाच्या आकाराचे चुंबक होते. या रचनेचे अमेरिकन एकस्व १९३७ मध्ये मिळाले. वृंदातील पितळी वाद्यांच्या गजरात गिटार ऐकू यावी, एवढाच या शोधामागील हेतू होता. गिब्सन कंपनीच्या ‘ईएस-१५०’ (१९३६) या गिटारवर चार्ली क्रिश्चन यांनी जॅझमध्ये स्वतंत्र गिटारवादनाचा पायंडा पाडला. गिब्सनचा ‘पी-९०’ (१९४६) आणि फेंडरच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ (१९५४) गिटारवरील पिकप हे दोन्ही एकेरी वेटोळ्याचे होते. त्यांचा स्वर स्वच्छ असला, तरी त्यांत एक मूलभूत दोष होता. घरातील वीजवाहक तारा व रोहित्रे म्हणजे ट्रान्स्फॉर्मर यांच्याभोवतीचे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र हे वेटोळे एखाद्या आकाशकाप्रमाणे ग्रहण करी आणि गिटारमधून सतत गुणगुण ऐकू येई.

हा दोष घालविण्यासाठी गिब्सनमधील अभियंते सेथ लव्हर यांनी दुहेरी वेटोळ्याचा पिकप तयार केला. १९५५ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, १९५७ मध्ये हा पिकप गिटारवर आला आणि १९५९ मध्ये एकस्व मंजूर झाले. त्यातील दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने जोडलेली असून त्यांच्या चुंबकीय ध्रुवांची दिशाही परस्परविरुद्ध असते. बाहेरून येणारी गुणगुण दोन्हींत सारखीच निर्माण होते व जोडणी उलट असल्यामुळे एकमेकींना छेदते. तारेचा संकेत मात्र ध्रुव व जोडणी या दोन्ही उलटापालटींमुळे एकत्र मिळून वाढतो. या प्रकारास ‘हंबकर’ म्हणजे गुणगुणनाशक असे नाव पडले. लव्हर यांचा उद्देश नितळ स्वर मिळविणे हा होता. त्यांच्या शोधाचा सर्वाधिक उपयोग पुढे स्वर मुद्दाम विकृत करणाऱ्या वादकांनी केला, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

मेटल संगीताचा उदय : बर्मिंगहॅम येथील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा त्यांचा हात हाच होता. कृत्रिम टोप्या घालून ते वाजवीत आणि कमी ताणाच्या तारा त्यांना सोयीच्या पडत. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकप बिघडल्याने त्यांनी राखीव ठेवलेली ‘गिब्सन एसजी’ हाती घेतली. तिच्यावर पी-९० जातीचे पिकप होते. एका पिकपच्या बिघाडामुळे घडलेला हा बदल पुढील संगीताचा नाद ठरविण्यास कारणीभूत झाला. १९७१ मध्ये त्यांनी गिटारचा स्वर तीन अर्धस्वरांनी उतरविला. त्यामुळे सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सु. ८२ हर्ट्‌झवरून सु. ६९ हर्ट्‌झवर आली.

मेटलमधील स्वररचनेचा पिकपशी जवळचा संबंध आहे. अतिविवर्धित संकेतात दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर निर्माण होतात. षड्ज व पंचम यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर २ : ३ असल्याने त्यांच्या वजाबाकीतून मूळ षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्जच निघतो. तंबोऱ्याच्या परिचित स्वरजोडीला अशा रीतीने आपोआप खर्जाची जोड मिळते. म्हणून मेटल गिटारवादनाचा पाया षड्ज–पंचमाच्या जोडीवर उभा आहे. तीत गांधार मिसळला की समान अर्धस्वरांत विभागलेल्या सप्तकात तो किंचित चढा असल्यामुळे निर्माण होणारे जोडस्वर बेसूर ठरतात व नाद गढूळ होतो. पिकप खालच्या स्वरांना अवास्तव वाढवीत असेल, तर हा गढूळपणा षड्ज–पंचमातही शिरतो.

जोरदार पिकपचा काळ : १९७० च्या दशकारंभीचे नळी-विवर्धक विकृतीच्या मर्यादेपर्यंत नेण्यासाठी मोठा संकेत लागे. न्यूयॉर्क येथील लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा सिरॅमिक चुंबकाचा व जास्त वेढ्यांचा पिकप तयार केला. गिटारसोबत आलेला पिकप काढून त्याऐवजी दुसरा बसविण्याची प्रथा यातूनच रूढ झाली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या सेमूर डंकन यांच्या कंपनीने तिचा विस्तार केला. लंडन येथील ‘आयर्न मेडन’चे डेव्ह मरी यांनी सुपर डिस्टॉर्शनचा वापर केला. एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या अंगात घोडीजवळ एकच हंबकर बसवून १९७८ च्या ध्वनिमुद्रिकेत त्याचे सामर्थ्य दाखविले. सैल वेढे ध्वनिक्षेपकाच्या आवाजानेच थरथरून शीळ घालू लागतात. तो दोष टाळण्यासाठी पिकप वितळलेल्या मेणात बुडविण्याचा उपायही त्यांनी अवलंबिला. आता बहुतेक निर्माते पिकप मेणात बुडवूनच विकतात.

या काळात ‘जितका रोध अधिक, तितका पिकप चांगला’ असा समज पसरला. १९५७ च्या हंबकरमध्ये प्रत्येक वेटोळ्यात सु. ५,००० वेढे असून त्याचा रोध सु. ८ किलोओहम असे. नव्या पिकपांचा रोध १३ ते १६ किलोओहमपर्यंत गेला. तथापि बारीक तार वापरली, तर तितक्याच वेढ्यांतही रोध वाढतो. त्यामुळे केवळ रोधाच्या आकड्यावरून जोराची वा स्वराची तुलना करणे भ्रामक ठरते.

क्रियाशील पिकप : कॅलिफोर्नियातील रॉब टर्नर यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या व पुढे ‘ईएमजी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने वेगळा मार्ग स्वीकारला. कमी वेढ्यांचे वेटोळे घेऊन त्याचा अल्प संकेत पिकपच्याच आवरणात बसविलेल्या छोट्या विवर्धकाने वाढवावयाचा, ही ती योजना होय. यासाठी ९ व्होल्टची विद्युत् घटमाला लागते. कमी वेढ्यांमुळे वेटोळ्याची गुणगुण कमी होते. निर्गम संरोध अल्प असल्याने लांब केबलमुळे उच्च स्वर नष्ट होत नाहीत. सिरॅमिक चुंबकाचा ‘८१’ हा त्यांचा पिकप १९८० च्या दशकात मेटलच्या घोडीजवळील पिकपचा जवळजवळ प्रमाण नमुना ठरला. ‘मेटॅलिका’चे जेम्स हेटफील्ड यांनी तो ‘६०’ या पिकपच्या जोडीने वापरला. मेटलमध्ये तळहाताने तारा दाबून केलेले तुटक आघात व त्यांमधील पूर्ण विराम यांवर लय अवलंबून असते. विरामात गुणगुण ऐकू आली, तर लयच बोथट होते. क्रियाशील पिकपच्या यशाचे खरे कारण जोरापेक्षा ही शांतता होय. याच वेळी ‘पँटेरा’चे डॅरेल ॲबट यांनी बिल लॉरेन्स यांच्या पात्याच्या आकाराच्या ध्रुवाचा निष्क्रिय पिकप वापरून तितकाच तीक्ष्ण स्वर मिळविला. यावरून एकच मार्ग अपरिहार्य नव्हता, हे स्पष्ट होते.

१९९० मध्ये आयबानेझ कंपनीने सात तारांची गिटार बाजारात आणली. तिची सर्वांत खालची तार सु. ६२ हर्ट्‌झची असते. त्यानंतर आलेल्या आठ तारांच्या गिटारमध्ये ती सु. ४६ हर्ट्‌झपर्यंत जाते. भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. गुणगुण आणि वाद्याचा स्वर अशा प्रकारे एकाच पट्ट्यात येत असल्याने गुणगुण चाळणीने वेगळी काढता येत नाही. ती पिकपमध्येच रोखावी लागते. तसेच खालच्या स्वरांचा फुगवटा टाळण्यासाठी निर्मात्यांनी वेढे कमी करून स्पष्टता वाढविण्याचे धोरण स्वीकारले. इंग्लंडमधील ‘बेअर नकल’ (स्थापना २००३) या कंपनीचे हाताने गुंडाळलेले पिकप आणि तारेच्या वेढ्यांऐवजी मुद्रित मंडलांचे थर वापरणारे फिशमन कंपनीचे ‘फ्लूएन्स’ पिकप (२०१४) ही या प्रवृत्तीची उदाहरणे होत.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात विद्युत् गिटार प्रथम हवाईयन रूपात आणि प्रामुख्याने मुंबईच्या चित्रपटसंगीतातून रुजली. व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) यांच्या ध्वनिमुद्रिकांनी तिचा नाद घरोघर पोहोचविला. मुंबईतील वृंदांमध्ये गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता. राहुलदेव बर्मन यांच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) सारख्या चित्रपटांतून उभ्याने वाजविल्या जाणाऱ्या विद्युत् गिटारचा तीक्ष्ण स्वर सर्वसामान्य श्रोत्याच्या परिचयाचा झाला.

चुंबकीय पिकप ग्रामीण भागापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र गिटारपेक्षा बेंजोला अधिक दिले पाहिजे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या कळा असलेल्या तंतुवाद्यापासून बुलबुलतरंग अथवा बेंजो हे वाद्य आले. त्याच्या पोलादी तारांखाली पिकप बसवून व तो विवर्धकास जोडून लग्नाच्या वरातीत आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजविणाऱ्या ‘बेंजो पार्ट्या’ मुंबई-कोकणापासून मराठवाड्यापर्यंत प्रसिद्ध आहेत. रवी जाधव यांच्या ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटाचा विषय हाच आहे. क्षमतेपेक्षा जोराने चालविलेल्या कर्ण्यांतून उमटणारा बेंजोचा खरखरीत, धारदार स्वर आणि मेटलमधील विकृत स्वर यांची उत्पत्ती तत्त्वतः एकच आहे.

मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाने स्वतःच्या इंग्रजी रचना सादर करण्याची प्रथा दृढ केली. महेश तिनईकर हे त्याचे प्रमुख गिटारवादक होत. १९९३ मध्ये या वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. धोबी तलाव भागातील रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि महाविद्यालयीन वृंदांना व्यासपीठ मिळाले. परदेशी वाद्ये व सुटे भाग यांच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध असल्याने पिकप निवडण्याचा प्रश्न बहुतेकांपुढे उद्भवतच नसे. हाती असलेल्या वाद्यावर भागवावे लागे. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने ही स्थिती बदलली. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातील अशा मैफली थांबल्या. तरीही साहिल मखिजा यांनी २००० मध्ये स्थापन केलेला ‘डीमॉनिक रेझरेक्शन’, तसेच ‘भयानक मौत’ व ‘स्क्राइब’ हे मुंबईतील वृंद याच दशकात पुढे आले. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनची मैफल मुंबईत झाली. २०१४ मध्ये डीमॉनिक रेझरेक्शनने जर्मनीतील वाकेन महोत्सवात वादन केले.

निवडीचे निकष : (१) स्थान : घोडीजवळील पिकपला उच्च उपस्वर अधिक मिळतात, म्हणून तालबद्ध मेटलवादनासाठी प्रथम त्याचाच विचार करतात. दांड्याजवळील पिकप भरीव स्वराच्या एकलवादनास उपयुक्त असतो. (२) वाद्याचा सूर : गिटार जितकी खालच्या सुरात, तितका पिकप नेमका, खालच्या स्वरांत आटोपशीर व माफक जोराचा असावा. नेहमीच्या सुरात मध्यम विकृतीसाठी अल्निकोचे पिकपही उत्तम काम देतात. (३) विवर्धक : आजच्या विवर्धकांत विकृतीचे अनेक टप्पे असतात; पिकपचा जोर वाढवून विकृती मिळविण्याची १९७२ मधील गरज आता उरलेली नाही. (४) मंडल : निष्क्रिय हंबकरसाठी बहुधा ५०० किलोओहमचे व क्रियाशील पिकपसाठी २५ किलोओहमचे नियंत्रक वापरतात. एकाच्या जागी दुसरा बसविताना नियंत्रक न बदलल्यास चांगला पिकपही निस्तेज वाटतो. (५) उंची : पिकप तारांच्या फार जवळ नेल्यास चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन लवकर मंदावते व स्वर ढळतो. नवा पिकप विकत घेण्यापूर्वी जुन्याची उंची दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात बदलून पाहणे हा बिनखर्ची व पुष्कळदा पुरेसा उपाय ठरतो.

(६) सुरक्षितता : या निकषाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. निष्क्रिय पिकपच्या गिटारमध्ये गुणगुण कमी व्हावी म्हणून तारा घोडीमार्गे विवर्धकाच्या भूयोजनास म्हणजे अर्थिंगला जोडलेल्या असतात. विवर्धक अथवा ध्वनिग्राहक यांपैकी एकाचे अर्थिंग सदोष असेल, तर एका हाताने तारा व दुसऱ्या हाताने वा ओठांनी ध्वनिग्राहक यांना स्पर्श करणाऱ्या वादकाच्या शरीरातून वीजप्रवाह वाहू शकतो. ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी हे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे रंगमंचावर अशाच प्रकारे सदोष अर्थिंगच्या ध्वनिग्राहकाला स्पर्श होऊन मरण पावले. ध्वनिमुद्रणगृहात पिकप निवडताना स्वराचा विचार पुरेसा असतो. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात उत्सवाच्या मांडवात, तात्पुरत्या वीजजोडणीवर किंवा जनित्रावर वाजवावयाचे असेल, तर प्रथम अर्थिंग तपासणे आवश्यक ठरते. ईएमजीसारख्या काही क्रियाशील पिकपांत तारांना अर्थिंग जोडावे लागत नाही, त्यामुळे हा धोका कमी होतो. परंतु ते योग्य अर्थिंगला व ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणाऱ्या खंडकाला पर्याय नव्हेत. गिटारइतकीच ही दक्षता पिकप बसविलेल्या बेंजोलाही लागू आहे.

पिकप स्वतः विकृती निर्माण करीत नाही. विवर्धकाने काय वाढवावे, एवढेच तो ठरवितो. म्हणूनच सर्वांत कर्कश समजल्या जाणाऱ्या या संगीतातही, स्वर नसताना पूर्ण गप्प राहणारा आणि स्वर उमटताच त्याची कड स्पष्ट दाखविणारा पिकप श्रेष्ठ मानला जातो.